आठ सिरीयल पोर्टचं कार्ड टाकलं तरी लिनक्सला चारच दिसतायत?
अंबड एमआयडीसीत जुन्या सीएनसीसाठी (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन) आठ पोर्टचं पीसीआय कार्ड टाकलेलं, लिनक्सला सगळे पोर्ट दिसेचनात, मी येड्यासारखा अर्धा दिवस केबली बदलत बसलो. कार्ड चांगलं होतं हो, ८२५० ड्रायव्हर (लिनक्स कर्नलमधला सिरीयल पोर्ट चालवणारा भाग) डीफॉल्टला चारच पोर्ट धरतो आणि त्यात मदरबोर्डवरचे पण मोजतो.

कर्नलच्या सोर्स फोल्डरमधे मेक मेन्यूकॉन्फिग (कर्नलच्या सेटिंगचा मेन्यू) मारा, मग डिव्हाइस ड्रायव्हर्स, कॅरेक्टर डिव्हायसेस, सिरीयल ड्रायव्हर्स. ८२५० आणि त्याचा पीसीआय सपोर्ट ऑन करा, मग पोर्टचा मॅक्झिमम आकडा १६ करा आणि रनटाइमचा (बूट होताना किती पोर्ट धरायचे तो आकडा) पण, तो विसरलात की बूट झाल्यावर परत चारच. सिरीयल कन्सोल (सिरीयल पोर्टवरून बूटचे मेसेज आणि लॉगिन) हवा असेल तर ८२५० मॉड्यूल (वेगळा लोड होणारा) ठेवू नका, बिल्ट-इनच (कर्नलमधेच) करा. नवा कर्नल बिल्ड करून त्यावर बूट झाल्यावर डीमेसेजमधे (कर्नलचे मेसेज दाखवणारी कमांड) टीटीवायएस४, म्हणजे शून्यापासून मोजला तर पाचवा पोर्ट, दिसला की झालं काम.