गवतात एकटं पाडस दिसलं? या चुका टाळा

काळवीट हा शास्त्रानुसार कुरंग (इंग्रजीत अँटिलोप). पण नान्नज, रेहेकुरी, ममदापूरच्या माळांवर आणि आसपासच्या शिवारात त्याला सगळे हरीणच म्हणतात. साधारण सहा महिन्यांच्या गर्भानंतर मादीला बहुधा एकच पाडस होतं. जन्मल्यावर ते लवकरच पायांवर उभं राहतं, पण पहिले काही दिवस कळपाबरोबर हिंडत नाही. कुसळी-पवन्यासारख्या गवतात, पिकात किंवा बांधाच्या कडेला मान जमिनीला टेकवून, कान मागे पाडून पडून राहतं. चार-पाच पावलांवर माणूस आला तरी हलत नाही. फक्त नाकपुड्या आणि पापण्या हलताना दिसतात. बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

आई सोडून गेली, असं समजणं

मादी लांब असते ती मुद्दाम. ती पाडसाजवळ उभी राहिली तर कोल्हा-लांडग्याला ठिकाण कळेल. म्हणून दिवसातून मोजक्याच वेळा ती येते, पाजते, पाडसाचा मागचा भाग चाटून शी-शू स्वतःच साफ करते, म्हणजे वास उरत नाही, आणि पुन्हा निघून जाते. एकटं, गप्प, अंग कोरडं, डोळे स्वच्छ असलेलं पाडस सुखरूप आहे असं धरा आणि आल्या वाटेनेच मागे फिरा.

मदतीची गरज कधी? कुत्र्याने चावल्याची जखम असेल, अंगावर माश्यांची अंडी किंवा अळ्या दिसत असतील, मादी जवळच मरून पडली असेल, किंवा पाडस उघड्यावर सतत ओरडत भटकत असेल, तर. अशा वेळी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा आणि लांबून लक्ष ठेवा.

कुणी आधीच उचलून घरी आणलं असेल तर ते होतं त्याच जागी लगेच नेऊन ठेवा. ‘माणसाचा वास लागला की आई घेत नाही’ ही समजूत बहुतेक वेळा खोटी ठरते. पण परत ठेवल्यावर तिथे थांबून वाट पाहू नका; तुम्ही दिसताय तोवर ती येणार नाही.

घरी नेऊन दूध पाजणं

ही सर्वांत महागात पडणारी चूक. गाईचं दूध मानवत नाही, हगवण लागते. बाटली तोंडात कोंबली की दूध फुप्फुसात जातं. मागून चाटणारी आई नसल्यामुळे अगदी लहान पाडसाची शी-शूसुद्धा अडते. भाकरी किंवा ज्वारीचे दाणे भरवले तर रवंथ करणाऱ्या पोटात आम्ल वाढून ते दगावतं. त्यातूनही नर जगला, तर मोठेपणी माणसालाच प्रतिस्पर्धी समजून शिंगं खुपसतो. शिवाय काळवीट वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत जास्त संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. हेतू कितीही चांगला असला तरी पाळणं गुन्हाच.

मादीच्या मागे मागे जाणं

पाडस पाहायचंय म्हणून मादीचा पाठलाग केला तर ती पाजायलाच जात नाही. वारा तिच्याकडून तुमच्याकडे येत असेल अशी जागा धरा. सकाळी उजाडताना किंवा दिवस कलल्यावर, किमान दीडशे मीटरवर, झाडाच्या सावलीत बसा. ८×४२ ची (आठ पट मोठं दाखवणारी) दुर्बीण पुरते. काळविटं गाडीपेक्षा पायी माणसाला जास्त बुजतात. वाटेवर गाडी उभी करून आतूनच पाहिलं तर उत्तम. मादीने मान ताठ करून तुमच्याकडे एकटक पाहायला सुरुवात केली की तुम्ही जास्त जवळ आलात. ड्रोन नकोच. फोटो टाकताना शिवाराचं नाव आणि लोकेशन काढून टाका, फासे लावणारेही फोटो पाहतात.

न पाहता हार्वेस्टर घालणं

गव्हा-हरभऱ्याच्या काढणीत नवजात पाडसं मशीनखाली सापडतात, कारण आवाज आला की ती पळत नाहीत, आणखी दबतात. मशीन येण्याच्या दिवशी सकाळीच दोघा-तिघांनी ओळीत चालून शेत पाहून घ्यावं. आदल्या दिवशी पाहिलेलं चालत नाही, पाडस रात्रीतून जागा बदलतं. सापडलंच तर हात न लावता भोवतीचं दहा-बारा पावलांचं पीक उभं ठेवा, चार काठ्या रोवून खूण करा आणि तेवढा तुकडा पाडस हललं की काढा.

कुत्रा मोकळा, विहीर उघडी

पावसाळ्यात काळ्या रानात खूर रुततात. एरवी वाऱ्यासारखी पळणारी मादीसुद्धा तेव्हा कुत्र्यांच्या टोळीला सापडते, पाडसाचं तर विचारायलाच नको. वस्तीवरचा कुत्रा निदान रात्री आणि पहाटे बांधा.

बिनकठड्याच्या विहिरीला कमरेएवढा कठडा हवा; तोवर बाभळीच्या काट्यांचं कुंपण तरी घाला. शेततळ्याच्या प्लास्टिक कागदावरून खूर घसरतात, म्हणून कुंपण घालाच आणि एका बाजूला गाठी मारलेला जाड दोर किंवा जाळी पाण्यापर्यंत सोडा. पाणवठा बांधणार असाल तर तो बशीसारखा उथळ, एका बाजूने उतरता ठेवा. उभ्या कडांच्या हौदात पडलेलं पाडस बाहेर येऊ शकत नाही.