गाया दुर्बिणीच्या नोंदींवरून कृत्तिकांचा अभ्यास: कोल्हापुरातून, एका लॅपटॉपवर

जून ते सप्टेंबर कोल्हापूरचं आकाश ढगाखाली असतं. त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे पंचगंगा घाटावर पणत्या लागतात तेव्हा आकाश निरभ्र असतं, पण चंद्र नेमका कृत्तिकांच्या आसपास असतो आणि त्याच्या उजेडात तो गुच्छ धड दिसत नाही. अवकाश दुर्बिणीच्या नोंदींना ढगाचंही सोयरसुतक नाही आणि चंद्राचंही. शिवाय त्या फुकट आहेत. बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला आठवड्याभरात पुरं करता येईल असं हे काम आहे: कृत्तिका गुच्छाचे खरे सदस्य निवडायचे, अंतर काढायचं, आणि त्यात लपलेले जोडतारे ओळखायचे.

युरोपीय अवकाश संस्थेची गाया दुर्बीण डिसेंबर 2013 मध्ये अवकाशात गेली आणि जानेवारी 2025 पर्यंत तिने आकाश मोजलं. जून 2022 मध्ये खुल्या झालेल्या डीआर-3 या संचात 180 कोटींहून जास्त नोंदी आहेत. आपल्याला लागेल ब्राउझर, टॉपकॅट हे मोफत सॉफ्टवेअर (ते चालायला जावा हवं) आणि 8 जीबी रॅमचा साधा लॅपटॉप.

नोंदी मागवताना

गाया अर्काइव्हच्या सर्च पानावर अ‍ॅडव्हान्स्ड टॅब उघडा. तिथे एडीक्यूएल या एसक्यूएलसारख्या भाषेत मागणी लिहायची. एसक्यूएल येत असेल तर ती लगेच जमते. केंद्र विषुवांश (आकाशातला रेखांश म्हणा) 56.75 अंश, क्रांती (आकाशातला अक्षांश) +24.12 अंश, त्रिज्या 2 अंश. पराशय (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा जितका सरकलेला दिसतो तो कोन; तारा दूर तितका कोन लहान) 6 ते 9 मिलिआर्कसेकंद (अंशाच्या 3600 व्या भागाचा हजारावा भाग). रकान्यांत तारा क्रमांक, स्थान, पराशय आणि त्याची त्रुटी, दोन्ही दिशांची निजगती (ताऱ्याची आकाशातली स्वतःची चाल), जी प्रत (गायाने मोजलेली तेजस्विता; आकडा मोठा तितका तारा मंद), बीपी-आरपी रंग (निळ्या आणि लाल पट्ट्यांतल्या प्रतींचा फरक) आणि आरयूडब्ल्यूई (एकटा तारा धरून केलेलं मोजमाप किती नीट बसलं याचा आकडा; 1 च्या जवळ म्हणजे चांगलं) एवढं पुरे. सगळे दीडशे रकाने मागवू नका, फाइल उगाच जड होते.

विषुवांश अंशातच द्यायचा. पुस्तकात तो 3 तास 47 मिनिटं असा असतो. त्याला 15 ने गुणलं की 56.75 येतं. तासातला आकडा तसाच टाकला तर तुम्ही उत्तरा भाद्रपदाच्या दोन ताऱ्यांच्या मधलं आकाश उतरवून बसाल, आणि यादी व्यवस्थित आल्यामुळे चूक लवकर कळणारही नाही.

पराशयाची खिडकी इतकी रुंद का? कृत्तिकांचा पराशय 7.4 च्या आसपास आहे. जी प्रत 15 पर्यंतच्या ताऱ्यांसाठी गायाची त्रुटी 0.02 ते 0.03 असते, पण 20 व्या प्रतीला ती 0.5 पर्यंत जाते. खिडकी 7.2 ते 7.6 अशी आवळली तर मंद लाल तारे सरळ बाहेर पडतात. पायथॉनमधून मागणी केलीत आणि नेमक्या 2000 ओळी आल्या, तर यादी तिथे कापली गेली आहे असं समजा आणि असिंक जॉब (सर्व्हरवर मागे चालत राहणारी मागणी) वापरा.

सदस्य निवडताना

टॉपकॅटमध्ये फाइल उघडून प्लेन प्लॉट काढा: आडव्या अक्षावर विषुवांशातली निजगती, उभ्यावर क्रांतीतली. शून्याभोवती विखुरलेली गर्दी दिसेल आणि तिच्यापासून वेगळा, (+20, −45) जवळ, एक घट्ट पुंजका. ती कृत्तिकांची एकत्र चाल, वर्षाला मिलिआर्कसेकंदांत. त्या पुंजक्याभोवती 6 एककांच्या आसपास त्रिज्येचा घेर आखून उपसंच करा. विषुवांशातल्या निजगतीत क्रांतीची कोज्या आधीच धरलेली असते. पुन्हा गुणू नका.

अंतरासाठी उपसंचातले 15 व्या प्रतीपर्यंतचे तारे घ्या, पराशयाची त्रुटीनुसार भारित सरासरी काढा आणि मग 1000 ला तिने भागा. 7.37 आलं तर अंतर 135.7 पार्सेक, म्हणजे सुमारे 440 प्रकाशवर्षं. प्रत्येक ताऱ्याचं अंतर आधी काढून त्यांची सरासरी घेणं चुकीचं: व्यस्त घेताना त्रुटी एका बाजूला झुकते आणि मंद तारे उत्तर बिघडवतात. हिप्पार्कस उपग्रहाने हेच अंतर 120 पार्सेकच्या आसपास दिलं होतं आणि त्यावरून खगोलशास्त्रज्ञांत बरीच वर्षं वाद चालला. हबलची मोजमापं आणि नंतर गाया यांनी तो 135 च्या बाजूने मिटवला. तुमच्या लॅपटॉपवर आलेला आकडा त्या वादाचं उत्तर आहे, म्हणून तो त्रुटीसकट लिहा.

आलेख, आणि त्यातली दुसरी रेघ

नवा रकाना बनवा, निरपेक्ष प्रतीचा (तारा 10 पार्सेकवर असता तर दिसली असती ती प्रत): निरपेक्ष प्रत = जी प्रत + 5 × लॉग10(पराशय) − 10. पराशय मिलिआर्कसेकंदांत. लॉग 10 पायाचाच हवा. पायथॉनच्या नमपायमध्ये नुसतं 'लॉग' लिहिलं तर नैसर्गिक लॉग घेतला जातो. ओळखायची खूण सोपी आहे: कृत्तिकांच्या बाबतीत ही चूक झाली की निरपेक्ष प्रत आणि दिसणारी प्रत जवळपास सारखीच येते, कारण 7.37 च्या नैसर्गिक लॉगची पाचपट 10 च्या अगदी जवळ आहे. बरोबर सूत्राने दोन्हींत सुमारे 5.7 चा फरक पडतो.

आडव्या अक्षावर रंग, उभ्यावर निरपेक्ष प्रत, उभा अक्ष उलटा करून. मुख्य श्रेणीची रेघ, म्हणजे बहुतेक तारे जिच्यावर बसतात ती, लख्ख उमटते. ताळा म्हणून सूर्य टाकून बघा: रंग 0.82, निरपेक्ष प्रत 4.67. तो ठिपका रेघेवर किंवा तिला लागून बसला पाहिजे.

आता रेघेच्या वर पाहा. तिला समांतर, साधारण 0.75 प्रतींनी वर, ठिपक्यांची दुसरी विरळ रेघ आहे. हे जोडतारे. दोन सारखे तारे गायाला एकच दिसले तर रंग तोच राहतो, प्रकाश दुप्पट होतो, आणि 2.5 × लॉग10(2) म्हणजे 0.75. सारखे तीन असतील तर 1.19. दोन रेघांच्या मधले ठिपके बहुधा असमान जोड्यांचे. या गुच्छातला सगळ्यांत मोलाचा भाग हाच, आणि नवखे तोच फेकून देतात. कारण असं की आरयूडब्ल्यूई 1.4 च्या खाली ठेवा, हा सल्ला जागोजागी मिळतो. एकट्या ताऱ्यांची स्वच्छ रेघ हवी असेल तर तो योग्य आहे. पण साथीदारामुळे ताऱ्याची चाल डगमगते आणि हा आकडा वाढतो तोही त्यामुळेच. म्हणून गाळू नका; आरयूडब्ल्यूईप्रमाणे ठिपक्यांना रंग द्या आणि वरच्या रेघेवर कोण आहे ते पाहा.

आलेखाच्या तळाशी मंद तारे डावीकडे, निळ्या बाजूला सरकलेले दिसले तर तो नवा शोध नव्हे. फार मंद लाल ताऱ्यांचा बीपी प्रकाश गायात जास्त मोजला जातो. तिथे जी-आरपी हा रंग वापरा. खाली डावीकडे एकटा पडलेला एखादा ठिपका मात्र पुसायच्या आधी सिम्बाद या ताऱ्यांच्या ऑनलाइन सूचीत तपासा. कृत्तिकांमधला एलबी 1497 हा श्वेत बटू (इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला लहान, तप्त गाभा) अशाच जागी असतो. वरच्या टोकाला सावध राहा, कारण डोळ्यांना दिसणाऱ्या कृत्तिका गायासाठी फार तेजस्वी आहेत आणि त्यांच्या नोंदी कमी भरवशाच्या.

वयाचा अंदाज हवा असेल तर हीच कृती पुष्यातल्या एम 44 गुच्छावर करा: विषुवांश 130.1, क्रांती +19.67, पराशय 5.4, निजगती (−36, −13). दोन्ही आलेख एकावर एक ठेवा. एम 44 मध्ये वर उजवीकडे लाल राक्षसी तारे दिसतील, कृत्तिकांत ते नाहीत. तारे म्हातारपणी असे फुगतात, म्हणजे एम 44 वयाने मोठा.

निवडलेल्या जोडताऱ्यांचा प्रकाश कमीजास्त होतो का हे पाहायला केपलर दुर्बिणीच्या के-2 मोहिमेतली चौथी फेरी (2015) घ्या. तिने कृत्तिका पाहिल्या होत्या. टेस या दुसऱ्या अवकाश दुर्बिणीचा एक पिक्सेल 21 आर्कसेकंदांचा, केपलरचा 4 चा, त्यामुळे शेजारच्या ताऱ्याचा प्रकाश के-2 मध्ये कमी मिसळतो. लाइटकर्व्ह या पायथॉन पॅकेजने नोंदी उतरतात. सुमारे 6 तासांचा आवर्तनकाळ दिसला तर आधी यानावर संशय घ्या, कारण साधारण तेवढ्याच अंतराने ते थ्रस्टर उडवून आपली दिशा सुधारत असे.