अ‍ॅरिस्टॉटलचं आत्मप्रेम: लघुप्रबंधाला हा विषय घेणाऱ्यांसाठी

एम.ए.च्या लघुप्रबंधात माझे चार महिने एका चुकीने गेले. ‘निकोमाखियन एथिक्स’ या अ‍ॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाच्या नवव्या खंडातलं आठवं प्रकरण तेवढं मी घोकत बसले होते. स्वतःवर सर्वांत जास्त प्रेम करणाऱ्याला लोक नावं ठेवतात, असं तिथे सुरुवातीलाच येतं. ते मी अ‍ॅरिस्टॉटलचं मत म्हणून उतरवलं. पुढे तोच म्हणतो, सज्जनाने स्वतःवर प्रेम करायलाच हवं. मग मी ‘विसंगती’ या मथळ्याखाली वीस पानं लिहिली. सगळी काढून टाकावी लागली.

तो आधी लोकांचं म्हणणं मांडतो, मग उलट बाजू, आणि मग दोन्ही बाजू ‘फिलाउतॉस’ (स्वतःवर प्रेम करणारा) हा एकच ग्रीक शब्द कुठल्या अर्थाने वापरतात ते सोडवतो. पैसा, मानमरातब, देहसुख यांतला जास्तीचा वाटा ओढणारा तो एक फिलाउतॉस. त्याला नावं ठेवणं अ‍ॅरिस्टॉटललाही मान्य आहे. स्वतःतल्या विवेकाचं ऐकणारा तो दुसरा, आणि खरा. हा मित्रासाठी पैसा सोडेल, वेळ आली तर प्राणही देईल. एखादं सत्कृत्य मित्राच्या हातून घडू देणंच अधिक चांगलं असेल, तर तेही करेल. याला ‘स्वार्थ’ म्हणालात की प्रबंध तिथेच फसला. प्रत्येक वाक्यापाशी विचारा, हे कोण बोलतंय? हा प्रश्न विचारायला लावणारा मार्गदर्शक शोधा. प्रत्येक पानावर ‘छान’ लिहिणाऱ्याकडून काही मिळत नाही.

आठव्याआधी चौथं प्रकरण वाचाच. मित्र म्हणजे ‘दुसरा मी’ हे तिथे येतं. दुष्ट माणसाचं वर्णनही तिथेच आहे: तो सतत सोबत शोधतो, कारण एकटा असला की नको ते आठवतं, त्याचं स्वतःशीच पटत नाही. मला विषय कळला तो या ओळींत. तयार नोट्समध्ये त्या मला कधी सापडल्या नाहीत, म्हणून नोट्सच्या वाटेला जाऊ नका.

अ‍ॅरिस्टॉटल मैत्रीसाठी ‘फिलिया’ हा ग्रीक शब्द वापरतो. त्याला मैत्री म्हणा, पण तिच्यात आईची माया आणि एका जहाजावरच्या खलाशांची सोबतही धरा.

ग्रीक येत नाही म्हणून घाबरू नका, मलाही येत नव्हतं. दोन भाषांतरं शेजारी ठेवा आणि समासातले बेकरचे आकडे, म्हणजे मूळ ग्रीक आवृत्तीतलं पान, स्तंभ आणि ओळ दाखवणारे आकडे, जुळवा. 1831 च्या बर्लिन आवृत्तीपासून ते चालत आलेत, त्यामुळे ते छापलेल्या कुठल्याही भाषांतरात तीच जागा सापडते. चौथं प्रकरण 1166ए (पान 1166, पहिला स्तंभ) पासून सुरू होतं, आठवं 1168ए पासून.