कित्तूरचा वाडा बघायला निघताना

कोल्हापूरकडचे पाव्हणे आले की आमच्याकडं एक रविवार कित्तूरला जातो. त्यांना आधीच सांगून ठेवते, राजवाडा म्हटल्यावर झुंबरं आणि गालिचे डोक्यात आणू नका. इंग्रजांशी लढलेल्या राणी चन्नम्माच्या वाड्याच्या भिंती उरल्यात, जोती आणि चौक उरलेत, वर उघडं आभाळ. म्हणून टोपी किंवा छत्री आधी पिशवीत टाका, मग पाणी. पावसाळा नुकताच सरला असेल तर चपला नकोत, शेवाळ फार फसवं असतं.

बेळगावहून धारवाडच्या वाटेवर पन्नासेक किलोमीटर. गाडी कित्तुरात थांबते का, हे कंडक्टरला विचारूनच चढा. बायकांनी आधार कार्ड हाताशी ठेवावं, कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत साध्या आणि एक्स्प्रेस सरकारी गाडीला तिकीट पडत नाही. पत्ता मात्र कर्नाटकातला हवा. महाराष्ट्रातल्या चंदगडच्या वहिनींना पैसे मोजावे लागतात, वर दिवसभर थट्टा!

पोरांना आदल्या रात्री दोन गोष्टी सांगून ठेवा. एक म्हणजे खजिना. कित्तूरच्या दत्तक वारसाला ईस्ट इंडिया कंपनीनं मानलं नाही, धारवाडचा कलेक्टर थॅकरे यानं खजिन्याला सील ठोकलं आणि २३ ऑक्टोबर १८२४ ला तो इथंच मारला गेला. डिसेंबरात किल्ला पडला, खजिनाही गेला. तेव्हा संग्रहालयात शस्त्रं आणि जुन्या मूर्ती बघायच्या, रत्नं शोधायची नाहीत. फलक वाचायला कन्नड येणारं एखादं शाळकरी पोर सोबत असू द्या, त्याचाही भाव वधारतो.

दुसरी गोष्ट गच्चीवर नेऊन सांगायची. वाड्याच्या भिंतीत ध्रुवतारा बघायला ठेवलेलं एक गोल भोक आहे. आपल्याकडं ध्रुव क्षितिजापासून जेमतेम पंधरा-सोळा अंश वर असतो आणि जागचा जवळजवळ हलत नाही, म्हणून एकदा नेम धरून ठेवलेलं भोक कायम चालतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात संध्याकाळी सप्तर्षी सापडत नाहीत, शर्मिष्ठा तारकासमूहाच्या खुणेनं ध्रुव दाखवा. रात्री तारा बघितलेलं पोर दुसऱ्या दिवशी त्या भोकाला डोळा लावून हलायला तयार नसतं. न बघितलेलं दोन मिनिटांत ‘भूक लागली’ म्हणतं.

तेव्हा दशम्या आणि शेंगाचटणी घ्याच. सोमवार टाळा, सरकारी संग्रहालयं बहुधा बंद असतात. २३ ऑक्टोबरच्या सुमाराला कित्तूर उत्सव असतो. गर्दी आवडत असेल तर तेव्हा, चौक निवांत बघायचे असतील तर आठवडाभर थांबून जा. स्वतःची गाडी असेल तर येताना बैलहोंगलवरून या, राणीची समाधी तिथं आहे.