नोटीस आली की आधी स्वतःची पॉलिसी उघडा

२०१९च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३. कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका कापड व्यापाऱ्याचा तळमजल्यावरचा सगळा माल गेला. फायर पॉलिसीतून पुराचं कव्हर वगळलेलं होतं. "मला हे सांगितलंच नाही," म्हणत त्यानं विमा ब्रोकरवर ठपका ठेवला. त्या ब्रोकरचा वकील मी. तेव्हा जे शिकलो ते आपल्याकडच्या विमा व्यावसायिकांसाठी लिहितोय.

ग्राहकाची तक्रारीची चिठ्ठी आली की लगेच उत्तर लिहू नका. आधी तुमची प्रोफेशनल इन्डेम्निटी पॉलिसी, म्हणजे कामातल्या चुकीबद्दल तुमच्यावर येणाऱ्या दाव्यांचा विमा, उघडून वाचा. ती बहुधा 'क्लेम्स मेड' असते. म्हणजे दावा कोणत्या मुदतीत आला आणि कंपनीला कधी कळवलं, यावर सगळं ठरतं. चूक मात्र रेट्रोॲक्टिव्ह डेटच्या, म्हणजे ज्या तारखेपासूनच्या चुकांना कव्हर आहे तिच्या, आधीची नको. वादाची नुसती कुणकुण लागली तरी त्याच मुदतीत लेखी कळवा आणि पोच घ्या.

माझ्या पक्षकारानं उलटं केलं. ग्राहक जुना, त्याचं दुकान बुडालेलं. वाईट वाटून यानं लिहिलं, "आमच्याकडून राहून गेलं असेल, बघू काहीतरी." कंपनीला कळवलं ते थेट ग्राहक आयोगाची नोटीस आल्यावर, तोवर पॉलिसीचं नूतनीकरण होऊन गेलं होतं. कंपनीनं हात वर केले. कारणं दोन: उशीर, आणि परवानगीशिवाय चूक कबूल.

मी पॉलिसीतल्या व्याख्या काढल्या. 'दावा' म्हणजे नुकसानभरपाईची लेखी मागणी, असं छापलेलं होतं. पहिल्या चिठ्ठीत पैशाचं अवाक्षर नव्हतं, नुसता खुलासा मागितला होता. म्हणजे दावा आला तो नोटिशीनंच, उशीर झालाच नाही. आणि 'असेल' म्हणजे कबुली नव्हे. तीन पत्रांनंतर कंपनीनं बचावाचा खर्च मान्य केला. नकाराचं पत्र आलं की असंच करा, त्यातलं प्रत्येक वाक्य पॉलिसीशेजारी ठेवून वाचा.

कंपनीशी वाद चालू आहे म्हणून आयोगाची मुदत थांबत नाही. लेखी उत्तर ३० दिवसांत, फार तर आणखी १५. त्यापुढे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं २०२० साली स्पष्ट केलंय. कंपनी वकील देईल म्हणून वाट बघू नका. खर्चाचा हक्क राखून ठेवल्याचं पत्र द्या आणि उत्तर दाखल करा. "धंद्यासाठी विमा घेणारा ग्राहक नव्हे," या मुद्द्यावर भिस्त नको. सुप्रीम कोर्टाच्या २०२३च्या हरसोलिया मोटर्स निकालानंतर तो सहसा टिकत नाही. "आम्ही कंपनीची माणसं" हे एजंटाला म्हणता येईल, ब्रोकरला नाही. ब्रोकर ग्राहकाच्या बाजूचा असतो.

खरा बचाव फाइलमध्ये असतो. ऑफिसातल्या मुलीनं व्हॉट्सॲपवर दोन कोटेशनं पाठवली होती, पुरासह आणि पुराशिवाय. खाली व्यापाऱ्याचं उत्तर: "कमीवालं करा." स्क्रीनशॉटवर भागवू नका. मूळ फोन जपा; आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्रही जोडा. कोऱ्या प्रपोजल फॉर्मवर सही घ्यायची सवय असेल तर आजच सोडा, उलटतपासणीत तीच अंगाशी येते.

त्या मुलीचं प्रतिज्ञापत्र मी तिच्याच शब्दांत लिहून घेतलं. मेसेजनंतर दोन दिवसांनी व्यापाऱ्याची पॉलिसी सुरू झाली होती. आयोगानं तक्रार फेटाळली.