फुग्याच्या बंदुकीची स्प्रिंग बदलताय? आधी या चुका टाळा

सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा उठली की माझ्या ओट्यावर बंदुका येऊन पडतात. फुगे फोडायच्या, नळी वाकवून भरायच्या, ४.५ मिलीमीटरच्या छऱ्याच्या. तक्रार ठरलेली असते: जोर गेला, स्प्रिंग टाकून द्या. उघडून बघावं तर स्प्रिंग बहुतेकदा ठणठणीत असते. मेलेला असतो तो वॉशर, म्हणजे स्प्रिंग ज्या पिस्टनला ढकलते त्याच्या तोंडावरचं हवा अडवणारं सील.

म्हणून पहिली चूक हीच, न तपासता स्प्रिंग मागवणं. नळी जिथं मोडते त्या सांध्यावर पातळ कागदाची पट्टी ठेवा, छर्रा भरून सुरक्षित दिशेला बार काढा. पट्टी उडाली तर हवा सांध्यातून पळतेय. तिथलं गोल सील बदला, पाच मिनिटांचं काम आहे. जुनं सील स्क्रूड्रायव्हरनं उकरू नका, खाचेला ओरखडा पडला की नवं सीलही गळतं. मी बाभळीचा काटा वापरतो. सील खाचेच्या वर किंचित उचललेलं हवं. अगदी सपाट बसलं तर ते नसल्यात जमा.

पट्टी हलली नाही तर संशय पिस्टनच्या वॉशरवर. तो मरतो दोन कारणांनी.

एक, रिकामा बार. स्टॉलवर पोरं बंदूक उचलतात आणि छर्रा न घालताच चाप ओढतात. नळीत छर्रा असला की पिस्टनपुढची हवा दाबली जाते आणि तीच गादीसारखी पिस्टनला झेलते. नळी रिकामी असली की हवा सटकते आणि पिस्टन थेट लोखंडावर आदळतो. असे बार रोज झाले तर वॉशरचे तुकडे होतात, पुढं स्प्रिंगही तडकते.

दुसरं कारण तेल. अमळनेरच्या यात्रेत, वैशाखातल्या उन्हात, एका स्टॉलवाल्यानं मला हाक मारून बोलावलं. चामड्याचा वॉशर वाळला म्हणून त्यानं पिस्टनकडून नळीत हवा येते त्या भोकात मोटरसायकलचं ऑइल ओतलं होतं. चाप ओढला तसा सुतळी बॉम्बसारखा आवाज झाला, नळीतून निळा धूर निघाला. गडी खुश. "भाऊ, आते दखा कशी वाजस!"

वाजणारच. पिस्टन हवा इतक्या झटक्यात दाबतो की ती तापते आणि तेल आतल्या आत पेट घेतं, डिझेल इंजिनात होतं तसंच. त्या स्फोटानं पिस्टन मागं ढकलला जातो, वॉशर जळतो, स्प्रिंगवर भलताच ताण येतो. वाढलेला आवाज म्हणजे जोर नव्हे. आठवड्यात ती बंदूक माझ्याकडं आली. वॉशरच्या जागी काळा चुरा निघाला.

चामड्याच्या वॉशरला तेल लागतंच, पण सिलिकॉनचं आणि दोन-तीन थेंब. भोकात सोडून बंदूक दस्त्यावर रात्रभर उभी ठेवा. नवा चामडी वॉशर आधी याच तेलात भिजवून मगच बसवा. प्लास्टिकच्या वॉशरला क्वचितच एखादा थेंब पुरे. मात्र हेच सिलिकॉन स्प्रिंगला लावू नका, लोखंडावर लोखंड घासतं तिथं ते टिकत नाही. स्प्रिंगला मॉलिब्डेनमचं ग्रीस, तेही बोटानं पुसल्याएवढं. थापलंत तर तापीकाठची धूळ त्यात बसते आणि पॉलिश पेपरसारखी घासत राहते.

स्प्रिंग खरंच गेलीय का, ते काचेवर लोळवून कळतं. सरळ स्प्रिंग गुमान लोळते, वाकलेली लंगडते. नव्यापेक्षा थोडी आखूड दिसली म्हणून लगेच फेकू नका, वापरात ती जराशी बसतेच. बार भरताना खरखर लागली तर मात्र वेढा तुटलेला असू शकतो.

बदलायचीच तर मूळ मापाचीच घ्या. "जरा कडक द्या" म्हणणारे खूप भेटतात. कडक स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकतात, पिस्टन पूर्ण मागं जात नाही, खटका धरत नाही. धरलाच तर दणक्यानं स्क्रू सैल पडतात आणि नेम फाकतो. आणि कायद्याची गोष्ट वेगळीच: २० ज्यूलच्या वर ताकद गेली की परवाना लागतो.

उघडताना सुताराच्या शिकंज्यात मागचं टोक दाबून धरल्याशिवाय पिन काढू नका. आत स्प्रिंग दाबून बसवलेली असते, टोपण तोंडावर येतं. आमच्या गल्लीतला एक पोरगा यात दात गमावून बसलाय. तसंच भरलेल्या बंदुकीची नळी उघडी असताना हात सोडून चाप ओढू नका. नळी फटकन मिटते. बोटं जातात, नाहीतर नळीच वाकते.

फळीमागं पडलेले चेपके छर्रे पुन्हा भरण्याची काटकसर बहुतेक स्टॉलवर चालते. चेपका छर्रा नळीत नीट बसत नाही, हवा कडेनं निघून जाते आणि दोष परत स्प्रिंगला जातो. पोलादी बाण तर भरूच नका, नळीतल्या खाचा खरवडून निघतात.

दस्त्याचे स्क्रू दर बाजाराआधी हातानं आवळून बघा. डोक्यावर नेलपॉलिशचा थेंब सोडला की ते सहसा सुटत नाहीत. आणि छर्रे शिशाचे असतात, तेव्हा स्टॉलवरच्या पोरांना भेळ खायच्या आधी हात धुवायला लावा.