पद्मिनीचे दिवे मंद पडलेत? बल्बआधी जोड तपासा

प्रीमिअर पद्मिनीचा हेडलाइट पिवळट पडला की पहिल्यांदा बल्ब बदलला जातो. दोष बहुतेकदा जोडांत असतो, त्यातही अर्थच्या, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतवणाऱ्या जोडात.

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर लावा आणि दिवा पेटलेला असतानाच मोजा. बल्ब काढून मोजलंत तर करंट वाहत नाही, आणि कुजलेली वायरही पूर्ण १२ व्होल्ट दाखवते. एक टोक बल्बच्या अर्थ पिनेवर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवा. ०.२ व्होल्टच्या वर आकडा आला तर अर्थ खराब. मग बॅटरी पॉझिटिव्ह ते बल्बची फीड पिन (जिथून करंट बल्बमध्ये येतो), इथे ०.५ व्होल्टपर्यंत चालेल. ५५ वॉटचा बल्ब साधारण साडेचार अँपिअर ओढतो, त्यामुळे गंजलेल्या जोडाचा ०.२ ओहम रोधसुद्धा ०.९ व्होल्ट खातो. दोन व्होल्ट गेले की उजेड जवळपास निम्मा.

मागे ब्रेक दाबल्यावर इंडिकेटरही मंद पेटत असेल तर होल्डरला अर्थ मिळत नाही. करंट दुसऱ्या फिलामेंटमधून परततो. डेंटिंग-पेंटिंग करून आलेल्या गाडीत हे हमखास होतं, कारण स्क्रूखाली रंग बसलेला असतो. तो खरवडून पत्रा उघडा करा. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे होल्डरपासून बॉडीच्या बोल्टपर्यंत १ चौरस मिमीची स्वतंत्र काळी वायर, दातेरी वॉशरसह.

दुरुस्तीआधी बॅटरीची अर्थ केबल काढा. वायर सोलल्यावर तांबं काळं दिसलं तर चकचकीत तारा लागेपर्यंत मागे कापत जा. काळ्या तांब्याला डाख धरत नाही आणि लगही (वायरच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोक) नीट पकडत नाही. पितळी लग क्रिंपिंग पकडीनेच दाबा, साध्या पकडीने नाही. वायर ओढून पाहा, वर हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आकसणारी नळी) चढवा. नुसता डाख दिला तर तो तारांत चढून वायर ताठ करतो, आणि गाडीच्या हादऱ्याने ती तिथेच तुटते. काळी टेप इंजिनजवळ वितळून चिकट होते. होल्डरचे संपर्कबिंदू बारीक पॉलिश पेपरने घासा. स्प्रिंग ढिली असेल तर होल्डरच बदला. शेवटी पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्या, कोकणातल्या खाऱ्या हवेत तर नक्कीच.

फीडमध्येच व्होल्ट जात असतील तर जुन्या स्विचवरचा भार काढा. लो आणि हाय बीमला वेगवेगळा चार पिनी रिले (थोड्या करंटने चालू होऊन मोठा करंट सोडणारा स्विच) लावा: ३० नंबरला बॅटरीवरून २.५ चौरस मिमी वायर, ८७ वरून दिवे, ८६ ला त्या बीमची जुनी वायर, ८५ अर्थला. प्रत्येक रिलेचा १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीला लागूनच हवा. तो लांब बसवला तर मधल्या तुकड्याला संरक्षण उरत नाही.